सँ-पॉल-द-व्हाँस : अर्धा दिवस पुरेल का?

दक्षिण फ्रान्समधल्या नीसहून अर्ध्या दिवसात सँ-पॉल-द-व्हाँस हे चित्रकारांचं गाव बघून होईल का, आणि तिथे नेमकं बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय. गाव होईल, चित्रं होणार नाहीत. कारण पाहण्यासारखी कला बहुतेक गावाच्या तटाबाहेरच आहे.

वेशीतून आत शिरलं की र्यू ग्रांद ही मुख्य गल्ली लागते. दोन्ही बाजूंना गॅलऱ्या, पण बराचसा माल पर्यटकांसाठीचा. तिथे मी खाली बघेन : गोटे उभे रोवून फरसबंदीत फुलं काढलीत. पाऊस पडला की तीच फरशी निसरडी होते, तेव्हा गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत.

चित्रंही बघायची असतील तर अर्धा दिवस पुरणार नाही; सकाळी दहाला आधी फाउंडेशन माग हे आधुनिक कलेचं संग्रहालय गाठा. गावापासून पायी दहा-पंधरा मिनिटं, शेवटी चढ. 1964 साली उघडलेलं हे संग्रहालय जोसेप लुईस सर्त या वास्तुकाराचं. छपरावरच्या उलट्या पांढऱ्या कमानी नुसत्या दिखाऊ नाहीत, पावसाचं पाणी त्यांच्यातून गोळा होतं. आतल्या दालनांत प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे 'चित्रकार शागालचं अमुक चित्र बघायचंच' असं ठरवून गेलात तर हिरमोड होऊ शकतो. मिरो या कलाकाराचा शिल्पांचा चक्रव्यूह आणि चित्रकार ब्राकच्या मोझेइकमधले हौदाच्या तळाचे मासे मात्र जागचे हलत नाहीत. दोन तास धरा.

'कोलोंब द'ऑर' ही वेशीबाहेरची खानावळ-कम-हॉटेल. मालक पॉल रू यांची चित्रकारांशी दोस्ती, त्यातून भिंती भरल्या. गच्चीवर चित्रकार लेजेचं भित्तिशिल्प आहे. पण 'नुसतं डोकावून येतो' चालत नाही. जेवायचं किंवा राहायचं असेल तरच आत, आणि टेबल बरंच आधी सांगून ठेवावं लागतं. शाकाहारी असाल तर कच्च्या भाज्यांच्या टोपलीसोबतची चटणी आधी विचारा, या भागात तिच्यात अँचोव्ही मासे वाटलेले असतात.

गावात चारनंतर शिरा, तोवर सहलीच्या बसगाड्या पांगलेल्या असतात. गल्ली सरळ दक्षिणेला संपवली की तटाबाहेर कबरस्तान. 1985 साली वारलेल्या शागालची कबर तिथे आहे : साधी शिळा, वर लोकांनी ठेवलेले खडे. ती ज्यू रीत आहे, कचरा समजून झटकू नका.

दोन घोटाळे नेहमी होतात. एक, व्हाँस हे वेगळं गाव आहे, तीन-चार किलोमीटरवर. चित्रकार मातीसचं 1951 सालचं चॅपल तिथे आहे, सँ-पॉलला नाही. ते रोज उघडं नसतं, म्हणून वार बघूनच दिवस ठरवा. जमलं तर सकाळीच जा, निळ्या-हिरव्या-पिवळ्या काचांचा उजेड पांढऱ्या संगमरवरावर उतरतो तेव्हा. तेही धरलं तर अर्थात दिवस गच्च भरेल. दोन, रेल्वेने येणार असाल तर कान्य-सुर-मेरला उतरून सँ-पॉलमार्गे व्हाँसला जाणारी बस घ्या. सिनेमा महोत्सवाचं कान ते हे नव्हे, ते बरंच पुढे राहिलं.

मराठी माणसाला जवळचा धागा हवा असेल तर तो सँ-पॉलला नाही, मांतों शहराच्या वरच्या गोर्बियो या तशाच डोंगरी गावात सापडेल. नागपूर आणि जे.जे.मध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तिथे राहून चित्रं काढायचे. तिथे गॅलऱ्यांची रांग नाही, गर्दीही नाही. पण ते नीसच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्याच दिवशी कोंबू नका.