बरणीतल्या चिठ्ठ्या

ताई, माझा मुलगा पाचवीत आहे. समोरच्या बिल्डिंगमधला त्याचा जिवलग मित्र दिवाळीपासून क्रिकेट कोचिंगच्या मुलांमध्येच असतो, याला बोलवत नाही. हा घरात बसून एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो. म्हाताऱ्या होत्ताबिच जिन्नाची रशियन गोष्ट, ह्यांच्या लहानपणी प्रदर्शनातून घेतलेली. परवा माळा आवरताना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चिठ्ठ्या सापडल्या. सगळ्यांवर एकच वाक्य : 'त्याने फक्त माझ्याशीच खेळावं.' हे म्हणतात, पुस्तक काढून घे, जिन्नबिन्न काही नसतं हे सांगून टाक. मला वाटतं, त्या मुलाच्या आईला फोन करावा. काय करू?
– एक आई, सांगली

ताई,

ते वाक्य वाचून पोटात तुटलं. पुस्तक मात्र काढून घेऊ नका. जिन्न नसतो हे पाचवीतल्या मुलाला ठाऊक असतं. तरीही तो चिठ्ठी लिहितो, कारण हे कुणाला तोंडाने सांगायची त्याला लाज वाटते.

आणि पुस्तक त्याने अगदी नेमकं उचललंय. लाझार लागिन यांची ही कादंबरी 1938 ची. मॉस्कोतल्या व्होल्काला नदीत बुडी मारताना एक मडकं सापडतं आणि त्यातून हजारो वर्षं कोंडलेला जिन्न बाहेर येतो. जिन्न मनाने चांगला, व्होल्कासाठी जीव टाकणारा. पण त्याची प्रत्येक मदत अंगाशी येते. भूगोलाच्या परीक्षेत तो उत्तरं पुरवतो आणि व्होल्काच्या तोंडून पृथ्वी सपाट असल्याचं वदवतो! व्होल्काचा मित्र झेन्या त्याला नको त्या वेळी बघतो, तर जिन्न परस्पर झेन्यालाच दूर पूर्वेकडे धाडतो, गुलाम म्हणून विकला जावा म्हणून. का, तर व्होल्काची अडचण मिटावी. व्होल्का हादरतो आणि मित्राला परत आणायला उडत्या गालिच्यावरून निघतो.

तुमच्या मुलासोबत बसून फुटबॉलच्या मॅचचं प्रकरण वाचा. बावीस माणसं एका चेंडूमागे धावताना बघून जिन्नाला त्यांची कीव येते, आणि तो वरून बावीस चेंडू टाकतो. प्रत्येकाला स्वतःचा. खेळ जागच्या जागी थांबतो. एवढं वाचून झालं की त्याला विचारा, 'का रे थांबला खेळ?' मग गप्प बसा. उत्तर त्याचं त्याला शोधू द्या, चार दिवस लागले तरी लागू देत. बरणीचा विषय तुम्ही काढायचा नाही. चिठ्ठ्या होत्या तशाच ठेवून द्या.

आता फोनचं. तो करू नका, ताई. तुमची माया मला कळते. पण आईने सांगितलं म्हणून तो मुलगा दोन दिवस येईल, घड्याळाकडे बघत खेळेल, आणि तुमच्या मुलाला ते पहिल्याच संध्याकाळी कळेल. होत्ताबिचने हेच केलं असतं.

जे बोलायचं ते मुलानेच मित्राशी बोलायला हवं, आणि ते कसं बोलायचं हे त्याला शिकवता येतं. पोळ्या करताना त्याला शेजारी उभं करा, एखादा गोळा लाटायला द्या. हात कामात असले की मुलं बोलतात. 'तू मला बोलवत नाहीस, मला वाईट वाटतं. रविवारी येऊ का खेळायला?' एवढीच दोन वाक्यं. तुम्ही मित्र व्हा, त्याला म्हणू द्या. त्यातलं 'येऊ का' महत्त्वाचं आहे, त्यामुळे समोरच्याला 'नको' म्हणायचीही मोकळीक राहते. मित्र 'नको' म्हणालाच तर त्या संध्याकाळी समजावत बसू नका, नुसतं जवळ घ्या. आणि 'ये' म्हणाला तर कोचिंगची मुलंही तिथे असतील, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

एक मात्र बघा. जेवण तुटलं असेल, झोप लागत नसेल, शाळेचं नाव काढताच पोट दुखत असेल, तर त्याला कुणी चिडवतंय का हे विचारा आणि वर्गशिक्षकांना भेटा. तिथे तुम्ही मध्ये पडायलाच हवं.

ह्यांना सांगा, रागावण्याऐवजी एका रात्री ते पुस्तक हातात घेऊन मुलाच्या पलंगावर बसा. त्यांच्या लहानपणीचं आहे ना ते? त्यांना तेव्हा जिन्नाकडे काय मागावंसं वाटायचं, हे मुलाने अजून कधी ऐकलेलं नसणार.