नागपूरच्या महाल भागात वाडा पाडल्यावर खड्ड्यात जुन्या विटा आणि खापरं लागली, काम थांबवावं का?

तुम्ही लिहिलंय की महालातला वडिलोपार्जित वाडा पाडून फ्लॅट स्कीम करताय, मातीपरीक्षणाच्या खड्ड्यात सहा फुटांवर राख, खापरं आणि विटांची ओळ लागली, आणि बिल्डर म्हणतो मलबा आहे, जेसीबीनं उचलून टाकू. थांबवा. निदान आठवडाभर तरी थांबवाच.

रामटेकजवळच्या नगरधनला (जुनं नंदिवर्धन) २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं, त्यात मी विद्यार्थी म्हणून एक हंगाम काढला. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा तिथलीच. पण मला शिकवलं ते एका पेवानं. खापरांची सरमिसळ झाली होती, वरच्या काळातली खाली कशी आली ते कळेना. मग सरांनी खड्ड्याची बाजू खुरपीनं तासून पाणी मारायला लावलं, आणि भुरकट मातीत काळसर मऊ मातीचा गोल उमटला. नंतरच्या लोकांनी धान्यासाठी पेव खणलं होतं, जुने थर कापत. तो उभा छेद पाहिला नसता तर आम्ही काळच चुकवला असता. वस्तू संग्रहालयात ठेवता येते हो, थर ठेवता येत नाही. जेसीबीचा एक बकेट आणि सगळं एकजीव.

नागपूर १७०२ साली गोंड राजा बख्त बुलंदशहानं वसवलं असं आपण म्हणतो, पण त्यानं बारा वाड्या एकत्र केल्या, म्हणजे माणसं आधीपासून राहत होती. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या ९४० सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ हे नाव येतं. बख्त बुलंदनंतर गोंड राजा चांद सुलतानचा कोट, मग भोसले. एका वाड्याखाली हे सगळं एकावर एक असू शकतं. राख दिसली म्हणून मात्र लगेच भोसल्यांच्या राजवाड्याला १८६४ साली लागलेल्या आगीशी जोडू नका, चुलीची राखही थरानं साचते. विटा मोजा. सव्वा-दीड फूट लांब असतील तर प्रकरण फार जुनं आहे, पातळ चपट्या आणि चुन्यात बसवलेल्या असतील तर बहुधा भोसलेकालीन.

कायद्याचं विचाराल तर खासगी प्लॉटवर आधी उत्खनन करण्याची सक्ती आपल्याकडे नाही. इंग्लंडात १९९० पासून बांधकाम परवानगीलाच ती अट घालतात आणि खर्च बांधणाऱ्याचा. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, तेवढं तपासा. नाणी, दागिने असं काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे लपवू नका.

आता लगेच काय करायचं? खड्ड्याची एक बाजू सरळ तासून घ्या, शेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, प्रत्येक थरातली खापरं वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर खोली लिहा. विटांची ओळ उपसू नका. मग नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व विभागात फोटो घेऊन जा. आणि हे पावसाच्या आत करा, खाली काळी माती असेल तर पहिल्याच सरीत ती फुगते आणि कडा ढासळतात.