तीन चित्रकथा, एक लेखक

प्रश्न: दिवाळी अंकासाठी आठ पानी चित्रकथा, दर आठवड्याची पट्टी आणि २४ पानी कॉमिक, तिन्हींच्या संहिता अर्धवट आहेत. आधी काय हातात घेऊ?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ज्या संहितेसाठी चित्रकार थांबलाय, ती. तुम्ही दिवसात चार पानं लिहाल, त्याला एकाच पानाच्या पेन्सिल, शाई, रंगाला दोन-तीन दिवस सहज लागतात. आठ पानी कथा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, बरीच आधी त्याला द्या. गणपतीच्या वर फळं-भाज्यांची माटोळी बांधायच्या गडबडीत कुणाचा हात चालत नाही. पट्टीचे चार भाग कायम शिलकीत हवेत.

२४ पानांची घाई नको. सहा कोरे कागद मधोमध दुमडून वही करा, प्रत्येक पानावर ‘इथे काय घडतं’ एवढी एकच ओळ लिहा. धक्का डाव्या, म्हणजे सम पानावर. तो पान उलटल्यावरच दिसतो. मध्येच एक पान वाढवलंत की पुढचे सगळे धक्के उजवीकडे सरकतात आणि वाचकाला आधीच दिसतात. दुरुस्ती वहीतच करा, चित्रं झाल्यावर ती फार महाग पडते.

आणि एका चौकटीत एकच क्रिया. ‘दार उघडून आत येतो, बसतो’ ही तीन चित्रं झाली.