‘गिमिक मॅच’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत नेहमीपेक्षा वेगळ्या नियमाने किंवा मांडणीने होणाऱ्या लढतीला ‘गिमिक मॅच’ म्हणतात, तिला मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्यांना एका भाषांतरात ‘बनावट सामना’ असं सापडलं आणि ते खटकलं. त्यापेक्षा आपला ‘नुरा कुस्ती’ हा शब्द बरा नाही का, असं त्यांनी पुढे विचारलं आहे.

माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि ‘नुरा’ तर जास्तच. नुरा कुस्ती म्हणजे दोन मल्लांनी आतून ठरवून केलेली, पण प्रेक्षकांना खरी म्हणून दाखवलेली कुस्ती. त्या शब्दात फसवणुकीचा ठपका आहे. म्हणून तर राजकारणातल्या संगनमताला आपण नुरा कुस्ती म्हणतो. आता व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो तो सगळ्याच लढतींचा, अगदी साध्यातल्या साध्या लढतीचाही. मग ‘नुरा’ म्हटल्यावर साधी लढत आणि गिमिक मॅच यांत फरक काय राहिला? शिवाय ही गोष्ट आता गुपितही नाही. 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेच (आताची डब्ल्यूडब्ल्यूई, या कुस्त्या भरवणारी मोठी कंपनी) सांगून टाकलं की आमचा खेळ हा क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आपल्याला लागू होऊ नयेत, यासाठी ती कबुली होती.

‘बनावट’बद्दलही तसंच. 28 जून 1998 रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली हा पैलवान सुमारे 16 फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर कोसळला. पडायचं हे ठरलेलं होतं, पण ते पडणं खरं होतं. ‘ठरलेलं’ आणि ‘खोटं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच राहिले पाहिजेत.

मुळात ‘गिमिक’ हा शब्दच जरा गुंतागुंतीचा आहे. 1920च्या दशकात तो अमेरिकी बोलीत छापील स्वरूपात दिसू लागतो. व्युत्पत्ती अनिश्चित, पण पहिला अर्थ बऱ्यापैकी स्पष्ट आहे: जत्रेतल्या जुगाराच्या चाकाला बसवलेली छुपी कळ, जिच्यामुळे चाक मालकाला हवं तिथे थांबतं. जादूगारांच्या लपवलेल्या साधनालाही हाच शब्द. अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये कुस्तीचे तंबू असत, आणि ‘आमच्या पैलवानापुढे इतकी मिनिटं टिकून दाखवा’ असं आव्हान गावकऱ्यांना दिलं जाई. जत्रेची बोली कुस्तीत शिरली ती याच तंबूंतून.

कुस्तीत आल्यावर या शब्दाला फांद्या फुटल्या. पैलवानाने घेतलेलं रूप म्हणजे त्याचं गिमिक: अंडरटेकर हा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा, कोणी राजा, कोणी पोलीस. आधीच कमकुवत करून ठेवलेलं टेबल म्हणजे ‘गिमिक केलेलं’ टेबल. पैलवान जिथे बसून आपले टी-शर्ट आणि फोटो विकतात, त्या टेबलालाही बोलीत गिमिक टेबल म्हणतात. आणि ज्या लढतीला नेहमीपेक्षा वेगळा नियम किंवा वेगळी मांडणी असते, ती गिमिक मॅच. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द शोधत बसलं की इथे वाट चुकते.

रूप या अर्थासाठी आपल्याकडे ‘सोंग’ हा फार सुंदर शब्द आहे. भारुडात सोंग येतं, दशावतारात येतं, आणि तिथे सोंग आणणं म्हणजे लबाडी करणं नव्हे. ते वठवावं लागतं. प्रेक्षकाला आतला माणूस ठाऊक असतो, तरीही तो सोंगाला दाद देतो. अंडरटेकरचा टोला वाजला, दिवे गेले की या पैलवानांच्या चित्रांची ट्रम्प कार्डं खेळलेली आमची पिढी जे अनुभवायची ते नेमकं हेच होतं.

लढतीसाठी मात्र मी ‘अटीची कुस्ती’ किंवा ‘शर्तीची कुस्ती’ सुचवेन. इंग्रजीतही गिमिक मॅचला दुसरं नाव आहे, ‘स्टिप्युलेशन मॅच’, म्हणजे शब्दशः अटीचीच. त्यातही ‘शर्त’ मला अधिक आवडतो. मूळ अरबी ‘शर्त’ म्हणजे अट. मराठीत त्याच शब्दातून एकीकडे ‘शर्यत’ आली आणि दुसरीकडे ‘शर्थ’, म्हणजे पराकाष्ठा. अट, चुरस आणि पराकाष्ठा हे तिन्ही अर्थ एका कुळात नांदतात, आणि या लढतींमध्ये तिन्ही असतात.

अट कुठून येते हे पाहिलं की शब्द अधिक पटेल. ती वाऱ्यावर येत नाही, आधीच्या भांडणातून येते. मागच्या लढतीत एकजण रिंग सोडून पळाला? मग पुढच्या वेळी इतर मल्लांनी रिंगभोवती कडं करायचं आणि बाहेर पडेल त्याला परत आत लोटायचं. ही लंबरजॅक मॅच. साथीदार मध्येच घुसले? मग रिंगलाच कुंपण घाला. 1937 मध्ये अटलांटात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीत एक कुस्ती झाली, ती पिंजऱ्यातल्या लढतींच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. त्याच अटलांटात 4 जुलै 1987 रोजी डस्टी ऱ्होड्स या पैलवानाच्या कल्पनेतून दोन रिंगांवर मिळून एक पिंजरा उभा राहिला, ‘वॉरगेम्स’. आणि 5 ऑक्टोबर 1997 रोजी सेंट लुईसमध्ये रिंगभोवतीची जागाही आत घेणारा छताचा पिंजरा आला, ‘हेल इन अ सेल’. आता वरूनही सुटका नाही, ही ती अट. (ती मोडून केन हा पैलवान आत शिरलाच, आणि तो आल्यामुळेच ती लढत लक्षात राहिली.)

शिडीची गोष्ट वेगळी. कॅनडातल्या कॅलगरीच्या स्टॅम्पीड रेसलिंग या कंपनीत 1972 साली डॅन क्रॉफॅट या पैलवानाने ती आणली: रिंगच्या वर बक्षीस टांगायचं, शिडी चढून जो आधी काढेल तो जिंकला. पाठ टेकवण्याचा संबंधच संपला. पैलवान ब्रेट हार्ट त्याच कॅलगरीचा. त्याने ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये नेली आणि 1992 मध्ये शॉन मायकल्सविरुद्ध खेळून दाखवली. 1994 च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वार्षिक मोठ्या कार्यक्रमात, मायकल्स आणि रेझर रेमन यांनी ती जगाला दाखवली. पुढच्या टेबल, शिड्या, खुर्च्यांच्या लढती तिच्याच लेकी.

जपानमध्ये तर अट जागेचीही होऊ शकते. 4 ऑक्टोबर 1987 रोजी अँटोनियो इनोकी आणि मासा साइतो हे पैलवान गानर्यू बेटावर, प्रेक्षकांविना, दोन तासांहून अधिक वेळ लढले. 1612 मध्ये मुसाशी आणि कोजिरो या तलवारबाजांचं द्वंद्व झालं म्हणतात ते हेच बेट. इथे ‘गिमिक’ला ‘चमकोगिरी’ किंवा ‘स्टंटबाजी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मराठीला अटीवरून किंवा इनामावरून कुस्तीचं नाव ठेवण्याची सवय आधीपासून आहे. जत्रेत पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. ‘निकाली कुस्ती’ हे तर अटीचंच नाव: गुण नाहीत, चितपट होईपर्यंत लढायचं. याच्या उलट टेक्सास डेथ मॅच. तिथे पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही, दहा अंक मोजेपर्यंत उठता आलं नाही तरच संपते. तेव्हा पिंजऱ्यातली कुस्ती, शिडीची कुस्ती, कड्यातली कुस्ती ही नावं विनासायास तयार होतात. 2006 मधल्या ‘पंजाबी प्रिझन’ला बांबूच्या पिंजऱ्यातली कुस्ती म्हणावं. आत चौकोनी आणि बाहेर अष्टकोनी असे बांबूचे दोन पिंजरे, एवढंच तिथे होतं. नावातला पंजाब ग्रेट खलीच्या सोंगातून आला. खली मूळचा हिमाचलचा, नोकरी पंजाब पोलिसांत, आणि तब्येतीमुळे त्या पहिल्या लढतीत तो उतरलाच नाही.

‘फ्रीस्टाईल कुस्ती’ हा शब्द वापरू नये का, असंही कुणाच्या मनात येईल. 1950च्या दशकात मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती याच नावाखाली गाजल्या, आणि तिथूनच वर्तमानपत्रांना ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ मिळाली असावी असं मला वाटतं. पण खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं तेही फ्रीस्टाईलमध्येच, आणि ती काटेकोर नियमांची ऑलिंपिक कुस्ती. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी कोंबून आधीच पुरेसा घोळ झाला आहे.

तेव्हा वाक्यात असं लिहावं: ‘दोघांचं वैर इतकं पेटलं की शेवटी पिंजऱ्यातली कुस्ती लावावी लागली’, ‘त्याच्या कारकिर्दीतल्या बहुतेक गाजलेल्या लढती शर्तीच्या’, ‘त्याचं जुनं सोंग चाललं नाही’. मूळ शब्दच ठेवायचा असेल तर ‘गिमिक’ नपुंसकलिंगी चालवावा, ते गिमिक, ती गिमिकं. ‘गिमिक मॅच’ मात्र मॅचमुळे स्त्रीलिंगी.