अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची सही असलेली 1835 ची सरकारी जमिनीची सनद घ्यावी का?

जॅक्सनची सही म्हणून मुळीच घेऊ नका. 2 मार्च 1833 च्या कायद्यानं जमिनीच्या सनदांवर अध्यक्षाच्या वतीनं सही करायला सेक्रेटरी नेमण्याची सोय झाली. त्यानंतरच्या सनदांवर नाव अध्यक्षाचं, हात सेक्रेटरीचा. नावाखाली 'बाय' (By, म्हणजे 'तर्फे') असं लिहून सेक्रेटरीची सही असते. विक्रेत्याच्या फोटोत नेमकी ती ओळ कापलेली असेल तर पूर्ण फोटो मागा.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "सही तेवढी कापून जॅक्सनच्या चित्राबरोबर फ्रेम करायचा विचार आहे." मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

माझ्याकडे अध्यक्ष जेम्स मन्रोच्या सहीची 1818 ची सनद आहे. 1812 च्या अमेरिका-ब्रिटन युद्धातल्या एका शिपायाला इलिनॉयमध्ये मिळालेली 160 एकर जमीन. चर्मपत्र, खाली सरकारी जमिनींचा कारभार बघणाऱ्या लँड ऑफिसचे कमिशनर जोसाया मेग्ज यांची सही. दिवाळीला सगळे जमले असताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, सही कापून घ्या, बाकीचं कोण वाचतंय?" मी सनद उलटी करून त्याच्यासमोर धरली. मागे त्या शिपायानं जमीन दुसऱ्याला विकल्याची नोंद आहे. शिपायांसाठी राखलेल्या त्या पट्ट्यात अनेक शिपायांनी हेच केलं; जमीन बघायलाही गेले नाहीत, कागद सटोडियांना विकून मोकळे झाले. सही जिथे आहे त्याच्याच मागे ही नोंद आहे. पुढून कात्री लावली की मागचा माणूस संपला. मेव्हण्याला ते आजही पटलेलं नाही. भिंतीवर काय छान दिसेल, एवढंच त्याचं म्हणणं.

अशाच हौसेपायी जॅरेड स्पार्क्ससारख्या इतिहासाच्या अभ्यासकानं वॉशिंग्टनच्या पहिल्या शपथविधीच्या भाषणाचा मसुदा, वॉशिंग्टनच्या हस्ताक्षरातला, तुकडे करून सह्या जमवणाऱ्यांना वाटला. ते तुकडे आजही एकेक करून विकायला येतात. भाषण मात्र पुन्हा जुळत नाही. मन्रोच्या कापलेल्या सह्या ढिगानं मिळतात, ज्याला भिंत सजवायची आहे त्यानं त्यातली एखादी घ्यावी. अखंड कागदाला हात लावू नये.

फ्रेम करायचीच तर उन्हाच्या भिंतीवर नको. त्या काळची मायफळ-हिराकसाची शाई कागदात मुरते, चर्मपत्रावर ती वरवरच राहते आणि उजेडानं फिकी होत जाते.

आणि एक राहिलंच. सही आणि मजकूर वेगवेगळ्या शाईत दिसले म्हणून लगेच खोटं समजू नका. जहाजांचे परवाने तर अध्यक्ष कोरेच सही करून बंदरांवर पाठवत, नाव-गाव तिथे भरलं जाई. सनदेवरचं नाव सरकारी लँड ऑफिसच्या नोंदींत ऑनलाइन शोधता येतं, फुकट. तिथल्या प्रतीवरची अध्यक्षाची 'सही' कारकुनानं उतरवलेली असते, तेव्हा ती ताडून बघायला वापरू नका. 1835 ची सनद शेतकऱ्याचा कागद म्हणून आवडली असेल तर जरूर घ्या, पण सेक्रेटरीच्या सहीच्या भावानं.