मिडशिपमनच्या डर्कचा मालक कसा शोधावा

प्रिय मित्रा,

तुझ्याकडे आलेली ब्रिटिश आरमाराची डर्क, म्हणजे कट्यारीसारखे आखूड शस्त्र, कोणाची होती हे तुला शोधायचे आहे, आणि पात्यावर एक आडनाव आहे म्हणून तू थेट त्या आडनावामागे लागला आहेस. जरा थांब. नाव सर्वांत शेवटी वाचायचे. ते मागाहूनही कोरून घेता येते आणि नाव असलेल्या डर्कला बाजारात जास्त भाव येतो, म्हणून तसे कोरणारेही असतात. आधी वस्तू काय सांगते ते पाहा.

डर्क मिडशिपमन, म्हणजे अधिकारी होण्याचे शिक्षण घेणारा मुलगा, लावत असे. पुढच्या हुद्द्यावर, सब-लेफ्टनंट, झाला की कमरेला तलवार आली आणि डर्क पेटीत गेली. म्हणजे ही वस्तू अधिकाऱ्याच्या आयुष्यातल्या दोन-अडीच वर्षांचीच असते, आणि तेव्हा तो सोळा ते एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. पुढे तो ॲडमिरल झाला असला, तरी डर्कवरून काळ ठरवताना त्याचे मिसरूड फुटायचे वय धरायचे. हे एवढे पक्के केलेस की निम्मे चुकीचे उमेदवार आपोआप गळतात.

आता पाते. 1879च्या नमुन्यापासून ते सरळ आणि साधारण पावणेअठरा इंच लांब असते. त्यावर ॲसिडने उठवलेली नक्षी असते: दोर गुंडाळलेला नांगर, मुकुट आणि राजाची आद्याक्षरे. काळ ठरवायला ही आद्याक्षरेच सर्वांत उपयोगी. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे जानेवारी 1901च्या आधीची. ई, आर आणि रोमन सात म्हणजे 1901 ते 1910. जी, आर आणि रोमन पाच म्हणजे 1910 ते 1936. जी, आर आणि रोमन सहा म्हणजे डिसेंबर 1936 ते फेब्रुवारी 1952. आठव्या एडवर्डची अक्षरे दिसली तर आनंदण्याआधी शंका घे. त्याची राजवट वर्षभरही टिकली नाही, त्यामुळे खरी वस्तू दुर्मीळ आहे आणि नकली करण्याचा मोह मोठा. मुकुटही ताडून पाहा. 1901 ते 1952 या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोलाकार वर जातात. एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात.

पात्याच्या मुळाशी बहुधा दुकानदाराचे नाव असते. तो गणवेश शिवून देणारा व्यापारी, पाते घडवणारा वेगळाच असू शकतो. पोर्ट्समथच्या गीव्ह्ज या पेढीचे नाव वारंवार भेटेल. ही पेढी हॉक्सशी 1974मध्ये जोडली गेली. त्यामुळे पाचव्या जॉर्जची अक्षरे आणि शेजारी 'गीव्ह्ज अँड हॉक्स' असे जोडनाव असेल, तर ते पाते जसे दिसते तसे नाही, हे तिथेच ठरले.

मूठ पाहताना भिंग घे. ती पाकटाच्या पांढऱ्या कातड्याने मढवलेली आणि सोनेरी तारेने आवळलेली असते. शेंड्याला सिंहाचे डोके, आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना ओकचे फळ. खऱ्या कातड्यावरचे दाणे लहानमोठे असतात, प्लास्टिकवरचे एकसारखे. सिंहाच्या आयाळीचे केस सुटे आणि धारदार दिसायला हवेत. साच्यावरून साचा काढलेल्या नकलेत ते साबणासारखे गुळगुळीत होतात. पितळी भागांना लोहचुंबक लावून बघ. चिकटला तर आत लोखंड आहे.

म्यानातून काढताना फार लोक नुकसान करतात. कातडे आकसलेले असते, आणि म्यान मधोमध धरून हिसका दिला की मागची शिवण उसवते. एका हाताने म्यानाच्या तोंडाची पितळी पट्टी धर, दुसऱ्याने मूठ, आणि सरळ रेषेत सावकाश ओढ. अडकली तर तेल सोडू नकोस. समतोल दमटपणाच्या खोलीत दोन-चार दिवस राहू दे आणि पुन्हा प्रयत्न कर.

बाहेर काढलीस की ब्रासो, म्हणजे पितळ घासायचे पॉलिश, दूर ठेव. मुठीवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. ब्रासोने तो दोन-तीन वेळांत निघून जातो आणि मग उरते ते पिवळे पितळ; त्यावरचा मूळचा मुलामा परत येत नाही. मुलाम्यावर ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो, लगेच कोरडे पुसायचे. पात्याला पॉलिश पेपर कधीही नाही. नक्षी इतकी उथळ असते की गंज घालवताना तीच जाते, आणि तिच्यासोबत तुझा सगळा पुरावा. मऊ फडक्याने हलके मशीन ऑइल लावून गंजाचा सैल थर पुसून घे, तेल पूर्ण टिपून काढ, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. नायट्राइलचे हातमोजे घाल, बोटांच्या घामाचे ठसे पोलादावर गंजून उमटतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पाते म्यानात ठेवूच नकोस. कातडे दमटपणा धरून ठेवते, आणि कातडे पितळेला टेकते तिथे हिरवा मेणचट थर धरतो. दोन्ही शेजारी शेजारी, आम्लरहित कागदात, सिलिका जेलबरोबर ठेव.

आता नाव. दिवा बाजूने, पात्याला जवळजवळ समांतर धरलास तर पुसट अक्षरेही उठून दिसतात. ते नाव नक्षीच्या चौकटीतच, त्याच खोलीचे आणि त्याच दाण्याचे आहे का, की गंजाच्या ठिपक्यांवरून नंतर कोरले गेले आहे? ठिपका अक्षराच्या आत शिरलेला असेल तर अक्षर आधीचे. अक्षराची रेघ ठिपका कापत गेली असेल तर ते नंतरचे.

मग नेव्ही लिस्ट, म्हणजे आरमारातल्या अधिकाऱ्यांची छापील यादी, काढ. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या याद्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने मोफत वाचायला ठेवल्या आहेत. त्यांत पद आणि ज्येष्ठतेची तारीख मिळते. समजा, पात्यावर पाचव्या जॉर्जची अक्षरे आहेत आणि आडनावाचे दोघे सापडले. एक 1908मध्येच सब-लेफ्टनंट झाला होता, दुसरा 1913मध्ये मिडशिपमन. पहिला बाद. उलटे मात्र होऊ शकते: व्हिक्टोरियाची अक्षरे असलेली डर्क 1905च्या मुलाने वापरली असेल, कारण वडिलांची किंवा थोरल्या भावाची घरातच होती. जुनी वस्तू पुढच्या पिढीत जाते, नवी मागच्या पिढीत जात नाही.

1914 सालासाठी वयाचा हिशेब बदल. 1 ऑगस्ट 1914 रोजी डार्टमथच्या नौदल कॉलेजातले कॅडेट शिक्षण अर्धवट टाकून जहाजांवर धाडले गेले, त्यांत पंधरा वर्षांची मुले होती. 22 सप्टेंबरला अबुकिर, होग आणि क्रेसी या तीन क्रूझर एकाच जर्मन पाणबुडीने बुडवल्या, तेव्हा त्यांच्यावर अशी मुले होती. पात्यावरचे नाव त्या मुलांपैकी कोणाचे निघाले तर पुढचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या, नोंदींत घ्यायचा. लिहिताना वय नक्की लिही, कोणी त्याला मोठा अधिकारी समजू नये.

साधारण 1917पर्यंत भरती झालेल्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एडीएम 196 या मालिकेत आहेत. जन्मतारीख, जहाजे, कॅप्टनांचे शेरे, सगळे तिथे मिळते. शेरे वाचच, माणूस तिथे दिसतो. मिडशिपमनला रोजनिशी ठेवावी लागे, नकाशे आणि रेखाचित्रांसह. अशा वह्या ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये जपलेल्या आहेत, तिथेही विचार. मुंबईत मिळाली म्हणून मालक इथलाच असे धरू नकोस, पण ब्रिटिश याद्यांत नाव नसेलच तर रॉयल इंडियन मरीन, म्हणजे ब्रिटिश काळातले हिंदुस्थानचे सागरी दल, पाहा. तिचे रॉयल इंडियन नेव्ही हे रूप 2 ऑक्टोबर 1934 रोजी झाले. तिची कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावी लागतात.

आणखी एक, कायद्याचे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात, ते त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरते. पावणेअठरा इंचांचे पाते त्यात बसते. तेव्हा आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा कर आणि पोच जपून ठेव. डर्क बॅगेत घालून कोणाला दाखवायला नेऊ नकोस, फोटो पाठव. शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो, म्हणजे परदेशी विकण्याचा विचार मनात आणण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारायचे.

सापडेल ते कार्डावर लिहून डर्कसोबत ठेव: पात्यावर प्रत्यक्ष काय दिसते ते एका भागात, कागदपत्रांत काय सापडले ते दुसऱ्या भागात, आणि तुझा अंदाज तिसऱ्या भागात, पेन्सिलीने.

कळावे. अनेक आशीर्वाद.