जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याशी काय बोलावे?

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळ राहतो. येत्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्ड गावच्या अँटिक प्रदर्शनाला प्रथमच जाणार आहोत. दिवाणखान्यासाठी जुने खणांचे कपाट घ्यायचे मनात आहे. पण तेथील विक्रेते जाणकार आणि आम्ही नवखे, त्यामुळे बोलायलाच संकोच वाटतो. त्यांच्याशी काय बोलावे? भाव करावा का?

उत्तर : आपला संकोच मी समजू शकते, परंतु ब्रिमफील्डला जाऊन विक्रेत्यांशी न बोलता परत येणे म्हणजे प्रदर्शनाचा निम्मा लाभ सोडून देणे होय. गॉर्डन रीड या लिलावकर्त्याने १९५९ साली आपल्याच जमिनीवर सुरू केलेला हा बाजार आता मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा, मंगळवारपासून रविवारपर्यंत भरतो. वीस क्रमांकाच्या मार्गालगत एकामागून एक मैदाने आहेत, त्यांचे मालक निरनिराळे आहेत आणि ती उघडण्याचे वारही एकसारखे नाहीत. म्हणून कोणते मैदान कधी उघडते हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. मैदान उघडताच पहाटे जी धावपळ होते तिच्यात विक्रेते एकमेकांचाच माल घेत असतात, तेव्हा त्यांना आपल्याशी बोलायला उसंत नसते. निवांत बोलायचे असेल तर दुपार गाठावी, पण रविवारची वाट पाहू नये, कारण तोवर अनेकांची आवराआवर सुरू झालेली असते.

पहिला प्रश्न किमतीचा नसावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. किंमत तर चिठ्ठीवर लिहिलेली असतेच. काही वर्षांपूर्वी तेथेच एका तंबूत मेपलच्या लाकडाचे एक कपाट मला आवडले होते. मी वयस्कर विक्रेत्याला एवढेच विचारले, की खण बाहेर काढून पाहिला तर चालेल का? त्यांनी स्वतःच खण काढला, उलटा करून माझ्या हाती दिला आणि तळाच्या फळीवरून बोट फिरवायला सांगितले. बोटाला बारीक लाटा लागल्या. हातरंध्याने तासलेल्या लाकडाची ती खूण. कडेचे डोव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, एकसारखे नव्हते. एक रुंद तर दुसरा अरुंद होता. मग त्यांनी खणाची पुढची फळी आतून दाखवली. मुठीच्या भोकांशेजारी आणखी दोन भोके लाकडाच्या खुंट्यांनी बुजवलेली होती. मी विचारण्याआधीच ते म्हणाले की मुठी मूळच्या नाहीत, आणि म्हणूनच किंमत कमी लावली आहे. जो माणूस आपल्या वस्तूचे उणे आपणहून दाखवतो, त्याच्याकडून निश्चिंतपणे घ्यावे.

आपणही हेच करावे. ही वस्तू कोठून आली, हिच्यात काय बदलले आहे, आणि ती इतकी जुनी आहे असे आपण कशावरून म्हणता, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसऱ्या प्रश्नावर जाणकार विक्रेता खुलतो आणि वस्तू उलटी करून दाखवू लागतो. ज्याला उत्तर ठाऊक नसते तो विषय बदलतो. पाठीमागच्या फळीवर करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ते लाकूड गोल करवतीने कापलेले आहे, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले; जुन्या म्हटलेल्या कपाटात ते दिसले तर ती नंतरची दुरुस्ती आहे की कपाटच नवे आहे, हे सरळ विचारावे. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या कपाटांतून आणून जोडलेला असू शकतो, म्हणून दोन्हींच्या पाठीकडील लाकूड आणि सांधे ताडून पाहावेत.

भाव अवश्य करावा, मात्र वस्तूला नावे ठेवून करू नये. त्या माणसाने जागेचे भाडे भरलेले असते, माल लांबून गाडीत घालून आणलेला असतो आणि दिवसभर उन्हात उभे राहायचे असते. ‘मला ही वस्तू घ्यायची आहे, यात काही कमी होईल का?’ असे साधे विचारले की बहुतेक जण थोडे उतरतात. मात्र त्यांनी आपला आकडा मान्य केल्यावर मागे फिरणे तेथे अतिशय गैर समजले जाते. रोख रक्कम जवळ असू द्यावी, आणि वस्तूचा काळ, लाकूड व झालेली दुरुस्ती पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेले लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

प्रश्न : अशा प्रदर्शनांत ‘बॉम्बे’ म्हणून विकले जाणारे कोरीव काळे फर्निचर खरोखर मुंबईचे असते का? ते पुण्यात आणता येईल का?

उत्तर : पुष्कळदा असते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत, विशेषतः मेडोज स्ट्रीटच्या परिसरात, शिसवीचे जाळीदार कोरीव फर्निचर बनत असे, आणि त्याला युरोपियन घरांतून मोठी मागणी होती. तरीही प्रत्येक भारतीय कोरीवकाम मुंबईचे नसते. लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने १८८१ साली मगनभाई हठीसिंग यांच्यासह अहमदाबादेत कोरीवकामाचा कारखाना काढला आणि तेथील काम अमेरिकेत नेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसणारे काही नमुने त्या परंपरेतले असू शकतात. कोरीवकाम मागून पाहावे: जाळीच्या आतल्या कडांवर हातपटाशीचे असमान घाव दिसले पाहिजेत. परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकेचा नियम १८९१पासून लागू झाला, त्यामुळे ‘इंडिया’ असा शिक्का असलेली वस्तू सहसा त्यानंतर तेथे आलेली असते.

आणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. हस्तिदंताचे जडावकाम असेल तर ती वस्तू घेऊच नये. लाकूड शिसवी असेल तर निर्यातीची कागदपत्रे विक्रेत्याला आधीच विचारावीत. आणि एकदा भारतात आलेली शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुन्हा बाहेर नेण्यास १९७२च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीला मनाई आहे, म्हणून मुलांपैकी कोणी ती पुढे परदेशी नेणार असेल तर ती अमेरिकेतच ठेवलेली बरी.